उठावाची लेबले बाटलीवरून पुन्हा पुन्हा का सुटतात: कारणांचा शोध आणि उपाय

पेयांच्या बाटल्यांवर एम्बॉस केलेली, म्हणजे अक्षरे किंवा आकार उठावात दाबलेली, स्वयंचिकट लेबले वापरणाऱ्यांची एक तक्रार ठरलेल्या क्रमानेच येते. बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवली की अर्ध्या-पाऊण तासात उठावाच्या अक्षरांभोवतीचा कागद फुगलेला दिसतो, मग एखादी कड उचलली जाते, आणि बाटली पुसायला घेतली की ती कड फडक्याबरोबर वर येते. छपाईवाला गोंद बदलून देतो, पुढची खेप सुरळीत जाते, सगळ्यांना हायसे वाटते, आणि काही महिन्यांनी तीच तक्रार त्याच शब्दांत परत येते. माझ्या अनुभवात या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा गोंदात नसून उठावाच्या आराखड्यात असते. गोंद बदलल्यावर मिळालेला आराम हा पुष्कळदा गोंदाचा नसून हवामानाचा असतो.

हवामानाचा हा भाग आधी स्पष्ट केलेला बरा, कारण दोष ‘मधूनच’ का उगवतो याचे उत्तर त्यात आहे. हवा २५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते तो, १७ अंशांच्या थोडा खाली असतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के झाली की तोच २४ अंशांच्या जवळ पोहोचतो. म्हणजे २० अंशांची बाटली पहिल्या दिवशी कोरडी राहील आणि दुसऱ्या दिवशी लेबल लावण्याआधीच तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरलेला असेल. वायुयुक्त पेये सहसा थंड करून भरली जातात, त्यामुळे तेथे हा फरक आणखी तीव्र होतो. ज्या लेबलाचा आराखडा मुळात कच्चा आहे, ते कोरड्या दिवसांत निभावून जाते आणि दमट दिवसांत उघडे पडते. मधल्या काळात गोंद बदललेला असल्यामुळे श्रेय किंवा दोष त्याच्या खात्यावर जमा होतो.

आता मूळ कारणाकडे येऊ. समोरून पाहिले तर उठाव म्हणजे कागदावर चढवलेला आकार वाटतो. प्रत्यक्षात तेथे काहीही चढवलेले नसते. नर आणि मादी साच्यांमध्ये कागद दाबला जातो, त्याचे तंतू ताणले जातात, आणि समोर जेवढा उंचवटा येतो जवळजवळ तेवढीच पोकळी मागे तयार होते. गोंदाचा थर कागदाबरोबर वर उचलला जात असल्याने तो या पोकळीच्या छताला लागून राहतो आणि काचेला टेकतच नाही. गोंदाच्या थराची जाडी साधारण २० मायक्रॉन असते आणि उठाव पाव मिलिमीटरचा, म्हणजे २५० मायक्रॉनचा असेल, तर ती पोकळी गोंदाने भरून निघण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. गोंद कितीही जबर घेतला, तरी जो काचेला लागलेलाच नाही तो धरणार कशाला?

पोकळी असणे एवढ्यानेच लेबल सुटत नाही. ती चारही बाजूंनी सपाट, घट्ट चिकटलेल्या कागदाने वेढलेली असेल, तर बंद खोलीसारखी वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहू शकते. ती लेबलाच्या कडेपर्यंत पोहोचली, किंवा कडेपासून दोन-अडीच मिलिमीटर आत थांबली, की तिचे भुयार होते. बाटली ३० अंशांवरून २ अंशांपर्यंत थंड झाली की आतल्या हवेचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी घटते, आणि तेवढ्या जागेत पाणी ओढले जाते. बाटली परत तापली की हवा पसरते आणि पाण्यासकट कडेला रेटा देते. दिवसातून तीन-चार वेळा थंड-गरम होणारी बाटली म्हणजे लेबलामागे चाललेला एक छोटा पंपच असतो. कागदाच्या मागे प्लास्टिकच्या फिल्मचा थर असेल, तर हवेला कागदातून निसटण्याची वाट उरत नाही आणि हा परिणाम आणखी स्पष्ट दिसतो.

हे मला पुस्तकातून नव्हे, एका फसलेल्या लेबलावरून कळले. त्या अंडाकृती लेबलाच्या मधोमध उठावाची अक्षरे होती आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एक फीत लहरत जाऊन थेट कडेला मिळत होती, फीतही उठावाचीच. आम्ही तीन वेळा गोंद बदलला. चौथ्यांदा नमुना मागवण्याआधी एका पारदर्शक बाटलीत पाणी भरून, ती दिव्यासमोर धरून, लेबलाची मागची बाजू काचेतून पाहिली. जेथे गोंद काचेला नीट टेकला होता, तेथे कागद गडद आणि ओलसर दिसत होता. जेथे मध्ये हवा होती, तेथे चंदेरी झाक होती. अक्षरे चंदेरी दिसणार हे अपेक्षितच होते. पण फितीची चंदेरी रेघ डाव्या कडेपासून निघून अक्षरांच्या शिरोरेघेला मिळत होती आणि दुसऱ्या टोकाने उजव्या कडेला बाहेर पडत होती. लेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड बोगदा. मग ती बाटली शाईने निळे केलेल्या थंड पाण्यात उभी केली. काही मिनिटांतच निळी रेघ फितीच्या वळणांवरून सरकत पहिल्या अक्षराच्या पोटात उतरलेली दिसली. तीन वेळा बदललेल्या गोंदाचा या प्रवासाशी काहीही संबंध नव्हता.

देवनागरी मजकुराच्या बाबतीत शिरोरेघेचा हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा लागतो. सुटी अक्षरे असलेल्या लिपीत प्रत्येक अक्षराची पोकळी वेगळी राहते आणि पाणी एका अक्षरात शिरले तर तेथेच अडते. देवनागरीत शिरोरेघ सगळ्या अक्षरांच्या पोकळ्या एकमेकींना जोडून ठेवते, त्यामुळे एका टोकाला शिरलेले पाणी शब्दभर फिरते. शिवाय ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या गोलातला सपाट भाग लहान आकाराच्या मजकुरात इतका चिमुकला होतो की तेवढ्या बेटावरचा गोंद काचेला धरून राहू शकत नाही, आणि अख्खे अक्षर एकच फुगा बनते. यावर आम्हाला उपयोगी पडलेला मार्ग असा, की अक्षरांच्या अंगाला उठाव द्यायचा आणि शिरोरेघ सपाट फॉइलमध्ये (धातूसारख्या चकचकीत पातळ थरात) किंवा शाईत ठेवायची, दोहोंमध्ये केसभर फट राखून. सुलेखनकाराला हे पहिल्यांदा रुचत नाही. छापलेला नमुना तिरप्या उजेडात दाखवला की बहुधा रुचते.

उठावाऐवजी अक्षरे आत दाबली, म्हणजे डीबॉस केली, तर प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. तसे होत नाही. आत दाबलेल्या अक्षराचा उंचवटा मागे येतो, तो काचेला आधी टेकतो आणि आजूबाजूचा सपाट कागद काचेपासून वर उचलून धरतो. पोकळी अक्षरात होती ती अक्षराभोवती येते, एवढाच फरक पडतो.

दोष नेमका कोठे आहे ते ओळखणे

उपाय करण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी, कारण तिने निम्मी चर्चा संपते. त्याच कागदावर, त्याच गोंदाने आणि त्याच कापणीने काही लेबले एम्बॉसिंग न करता काढून घ्यावीत आणि ती उठावाच्या लेबलांबरोबर, एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, एकाच प्रकारच्या बाटल्यांवर लावावीत. २४ तास तशीच ठेवून मग दोन्ही गट बर्फाच्या पाण्यात ठेवावेत. सपाट लेबलेही सुटली तर उठावाला दोष देऊ नये. शोध बाटलीचा पृष्ठभाग, तापमान आणि गोंद यांच्याकडे वळवावा. सपाट टिकली आणि उठावाची सुटली, तर गोंद बदलण्यात पैसे घालू नयेत. या २४ तासांना महत्त्व आहे. दाबाने चिकटणारा गोंद लावल्याक्षणी पूर्ण पकड घेत नाही, तो पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत हळूहळू पसरतो. दुपारी लावलेली लेबले संध्याकाळी बर्फात टाकून ‘नापास’ ठरवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि त्यांत एक माझेही आहे.

दोषाची सुरुवात कोठून होते हेही पाहावे. संपूर्ण लेबल जागचे न उचलता नुसते सरकत असेल, तर बाटली ओली असताना लेबल लागले आहे किंवा गोंद ओलाव्यासाठी बनवलेला नाही. पाण्यावर आधारलेले काही ॲक्रिलिक गोंद पाण्यात राहिले की पांढुरके आणि मऊ पडतात. पारदर्शक फिल्मवर हे ताबडतोब दिसते, कागदामागे मात्र लपून राहते. कागद करडा पडून बाटलीतील पेयाचा रंग त्यातून जाणवू लागला असेल, तर तो चिकटण्याचा दोषच नव्हे. भिजलेल्या कागदाची अपारदर्शकता कमी झालेली असते, आणि त्यासाठी मागे फिल्मचा किंवा धातूच्या मुलाम्याचा थर असलेला, ओला झाल्यावरही ताकद टिकवणारा कागद मागवावा लागतो. फक्त उभ्या कडा सुटत असतील, तर कारण बहुधा कागदाच्या ताठपणात असते. रोलमध्ये कागदाचे तंतू लांबीच्या दिशेने असतात आणि लेबल बाटलीभोवती त्याच दिशेने गुंडाळले जाते, म्हणजे कागदाला त्याच्या ताठ बाजूने वाकावे लागते. जाड कागद आणि बारीक बाटली अशी जोडी असली की उभी कड सतत सरळ होऊ पाहते. कडेजवळ उठाव असेल तर तो पन्हाळीच्या पत्र्यासारखा कागदाला आणखी ताठ करतो.

आराखड्यातील दुरुस्ती

सर्वांत परिणामकारक दुरुस्ती सर्वांत साधी आहे: लेबलाच्या संपूर्ण परिघावर एक अखंड सपाट पट्टा राखावा आणि त्यात कोणताही उठाव येऊ देऊ नये. मी निदान ४ मिलिमीटरचा पट्टा धरतो, आणि बाटली बर्फात जाणार असेल तर ५ मिलिमीटरचा. कोपरे टोकदार न ठेवता त्यांना २ ते ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्यावी, कारण फडक्यात आणि खोक्यात सर्वांत आधी अडकतो तो कोपराच. चौकट, फीत, वेल यांसारखे कडेला भिडणारे घटक हवेच असतील, तर ते फॉइलने किंवा शाईने सपाट पूर्ण करावेत आणि उठाव पट्टा सुरू होण्याआधीच थांबवावा. थांबताना तो एकदम न तोडता उतरता करावा. लांब रेघांचा उठाव मध्येमध्ये खंडित करावा, म्हणजे एका तुकड्यात पाणी शिरले तरी पुढचा तुकडा वाचतो. आत राखलेले सपाट भाग चिमुकली बेटे न होता पुरेसे रुंद आणि बाहेरच्या सपाट भागाशी जोडलेले असावेत.

उंचीबद्दल मोह आवरावा लागतो. डोळ्यांना उठाव दिसतो तो उंचीमुळे कमी आणि उतारावर पडणाऱ्या सावलीमुळे जास्त. चकचकीत वार्निश असलेल्या कागदावर पाव मिलिमीटरचा उठावही विरून जातो, तर तंतूंचा पोत असलेल्या मॅट कागदावर त्याच्या निम्मी उंची ठसठशीत दिसते. म्हणून उंची मागण्याआधी कागद आणि वार्निश बदलून पाहावे. साच्याच्या कडा उभ्या भिंतीसारख्या असतील तर कागद तेथे ताणला न जाता चिरतो. भिंगातून पाहिले तर उठावाच्या पायथ्याशी केसासारखी चीर दिसते, आणि मग पाणी कडेने न येता समोरूनच आत शिरते. फॉइल त्याच जागी तडकते, हे आधी दिसणारे लक्षण होय. साच्याला तिरका उतार दिल्यास हे बरेच कमी होते. कागद कोरडा पडला असेल तरीही तो चिरतो, त्यामुळे रोल वेष्टनातून काढून ताबडतोब यंत्रावर चढवू नये. सुमारे २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत आधी स्थिरावू द्यावा.

एक गोष्ट साचा करणाऱ्याशी आधीच बोलून घ्यावी. रोलवर एम्बॉसिंग होते तेव्हा पुष्कळदा कागद, गोंद आणि लायनर (लेबल ज्यावरून सोलून घेतात तो मागचा कागद) असा सगळा थर एकदमच दाबला जातो. साचा फार तीक्ष्ण असेल तर लायनरवरचा सिलिकोनचा पातळ मुलामा तेथे दुखावतो, गोंद लायनरलाच धरून बसतो, आणि यंत्रावर लेबल सुटताना एक तर ते फाटते किंवा त्या जागचा गोंद लायनरवर मागे राहतो. रिकाम्या लायनरवर उजेडात बोट फिरवून पाहावे. अक्षरांच्या ठशांवर चिकटपणा लागला तर कारण सापडले.

उठाव बसून जाणे

ही तक्रार पहिलीच्या उलट आहे, पण दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. रोलवरची लेबले आतल्या बाजूला, गाभ्याजवळ, सपाट झालेली असतील आणि बाहेरच्या वेढ्यांतली ठीक असतील, तर रोल फार घट्ट गुंडाळला गेला आहे. गुंडाळीचा ताण कमी करावा, एका रोलवर कमी लेबले घ्यावीत, आणि शक्य असल्यास ७६ मिलिमीटरच्या गाभ्याऐवजी मोठा गाभा वापरावा. रोलवर उठाव चांगला असून बाटलीवर सगळीकडे सारखाच बसलेला असेल, तर तो लेबल दाबणाऱ्या रोलरने चिरडला आहे. कडक रबराऐवजी मऊ स्पंज किंवा ब्रश वापरला की उठाव वाचतो. पण मग सपाट भागावरचाही दाब कमी होतो, आणि कडा सुटण्याची जुनी तक्रार मागच्या दाराने परत येते. त्यामुळे दाब नुसता कमी न करता त्याचा काळ वाढवावा: एका जोरकस दाबाऐवजी मऊ स्पंजाचे दोन-तीन हलके हात. वर सांगितलेल्या सपाट पट्ट्याचा येथेही उपयोग होतो, कारण उठाव मधल्या भागापुरता असेल तर कडांवर वेगळा, कडक रोलर चालवता येतो.

बाटलीकडून येणारे दोष

काचेच्या बाटल्यांवर कारखान्यात थंड टोकाला, म्हणजे बाटली निवल्यानंतरच्या टप्प्यात, पॉलिएथिलिनसारख्या मेणकट द्रव्याचा फवारा मारतात, म्हणजे बाटल्या एकमेकींवर घासून ओरखडे पडू नयेत. हा थर जाड किंवा असमान झाला की लेबल तेथे धरत नाही, आणि एकाच खेपेत काही बाटल्या उत्तम तर काही वाईट निघतात. पृष्ठभागाची ऊर्जा मोजणाऱ्या पेनने रेघ ओढून पाहावी. रेघ एकसंध राहिली तर ठीक, थेंबांत तुटली तर बाटल्या परत पाठवण्याची बोलणी सुरू करावीत. लेबलाची जागा फक्त एकाच दिशेने वक्र असावी. ती वरपासून खालीही फुगीर असेल, तर सपाट कागद तेथे सुरकुती न पडता बसूच शकत नाही, आणि उठाव असलेला कागद तर मुळीच नाही. पीईटी प्लास्टिकच्या बाटल्या वायूच्या दाबाखाली भरल्यानंतर किंचित फुगतात, कागद मात्र ताणला जात नाही. तेथे कागदी उठावाचा हट्ट सोडून फिल्मचे लेबल घ्यावे.

फिल्मवर किंवा वरील सर्व अटी न जुळणाऱ्या बाटलीवर उठावाचा भास हवा असेल, तर स्क्रीनने छापलेले जाड वार्निश हा पर्याय आहे. त्याची उंची शंभर मायक्रॉनच्या आसपास नेता येते, बोटाला ती जाणवते, आणि लेबलाची मागची बाजू सपाटच राहते, म्हणजे पोकळीचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र वार्निशला कागदाच्या उठावासारखी मऊ सावली येत नाही, आणि फार जाड थर बारीक बाटलीच्या वळणावर तडकू शकतो.

घासण्याबद्दल थोडेसे. खोक्यात बाटल्या एकमेकींना टेकतात तेव्हा सगळा घास उंचवट्यांच्या माथ्यावर येतो, त्यामुळे तेथली शाई आणि फॉइल आधी जाते. बाटलीला लेबलासाठी खोलगट जागा असेल आणि तिची खोली उठावापेक्षा जास्त असेल, तर हा प्रश्न उरत नाही. नसेल तर खोक्यात विभाजक घालावेत.

त्या अंडाकृती लेबलाचे पुढे असे झाले: फीत दोन्ही बाजूंनी ५ मिलिमीटर आत थांबवली, शिरोरेघ सपाट सोनेरी फॉइलमध्ये घेतली, साच्याच्या कडा तिरक्या करून घेतल्या, आणि गोंद पहिल्या खेपेत वापरला होता तोच परत आणला. पुढच्या दमट दिवसांत निळ्या पाण्याची चाचणी पुन्हा केली. चार तासांनंतर रंग कडेपासून मिलिमीटरभर आत कागदात मुरलेला होता आणि तेथेच थांबला होता. अक्षरे काचेतून पाहिली तेव्हा कोरडी, चंदेरीच होती.